मोडलेला भाला, राखलेला मान

जून १५२० मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यांची भेट झाली. कॅलेजवळ, इंग्रजांच्या ताब्यातले गीन आणि फ्रान्सच्या हद्दीतले आर्द्र या दोन गावांच्या मधले मैदान त्यासाठी निवडले होते. ७ जूनपासून २४ जूनपर्यंत ही भेट चालली. जरीच्या कापडाचे तंबू इतके होते, की इतिहासात या जागेला ‘सोनेरी वस्त्रांचे मैदान’ हेच नाव पडले. कोणत्या दिवशी कोणता राजा कोणता पोशाख घालून आला, घोड्याच्या झुलीवर काय भरले होते, इंग्रजांच्या राजवाड्यासमोरच्या कारंज्यातून वाइन कशी वाहत होती, हे सारे दोन्ही बाजूंच्या लेखकांनी बारकाईने लिहून ठेवले आहे.

एक घटना मात्र एकाच बाजूच्या लेखणीत सापडते. मैदानावरचे खेळ पाहून झाल्यावर हेन्रीने फ्रान्सिसचा गळपट्टा धरला आणि कुस्तीचे आव्हान दिले. फ्रान्सिसने पेच टाकला आणि हेन्री जमिनीवर आला. उठून त्याला दुसरी कुस्ती हवी होती, पण जेवायला जायची वेळ झाली होती. ही हकीकत फ्लोरांज या फ्रेंच सरदाराच्या आठवणींत आहे. लंडनचा वकील-इतिहासकार एडवर्ड हॉल याने आपल्या बखरीत या भेटीचे जे लांबलचक वर्णन केले आहे, त्यात वस्त्रांची मोजदाद आहे, मोडलेल्या भाल्यांची आहे, कुस्ती नाही.

इतिहासकार अशा वेळी विचारतो, की घटना खरी घडली का. मला साहित्याचा वाचक म्हणून वेगळा प्रश्न पडतो. त्या दिवसांत दोन्ही राजे भालाझुंजीत उतरले, दोघांच्या शौर्याची वर्णने दोन्ही देशांत झाली, आणि कोणालाही काही लपवावे लागले नाही. मग एका कुस्तीने एवढी पंचाईत का केली? या प्रश्नाच्या उत्तरात युरोपीय प्रबोधनकाळातल्या दरबारी राजकारणाचे आणि त्या राजकारणाने घडवलेल्या साहित्याचेही मर्म आहे, असे मला वाटते.

हरणारा नसलेला खेळ

भालाझुंज, म्हणजे इंग्रजीतली जाउस्ट आणि इटालियनमधली जोस्त्रा. चिलखत घातलेले दोन स्वार समोरासमोरून दौडत येतात आणि एकमेकांवर लांब भाला रोखतात. बाराव्या शतकातल्या मूळ स्पर्धा म्हणजे मोकळ्या रानातल्या सामूहिक लढायाच होत्या. त्यांत माणसे मरत, पकडली जात, खंडणी देऊन सुटत. पंधराव्या शतकापर्यंत हा खेळ पुष्कळ बदलला. दोन स्वारांच्या मध्ये कठडा आला, सुरुवातीला कापडाचा आणि मग लाकडाचा. त्यामुळे घोडे एकमेकांवर आदळेनात आणि भाला तिरकस लागू लागला. भाल्याच्या टोकाला पात्याऐवजी छोट्या मुकुटासारखे बोथट टोक आले. भाले हलक्या लाकडाचे होऊ लागले, कारण आता भाला मोडण्यालाच गुण होते.

गुण कसे द्यायचे याचेही लेखी नियम झाले. इंग्लंडमध्ये अर्ल ऑफ वुस्टर जॉन टिपटॉफ्ट याने १४६६ मध्ये केलेले नियम प्रसिद्ध आहेत. अंगाच्या कोणत्या भागावर भाला मोडला तर किती गुण, हे त्यात ठरवून दिले आहे. घोड्याला मारणाऱ्याला बक्षीस नाही. हे गुण लिहून ठेवायचे काम हेरल्ड लोकांचे. दरबारातली मानचिन्हे, वंशावळी आणि आव्हानपत्रे सांभाळणारे हे अधिकारी कागदावर एक चौकट काढत, तिच्यात आडव्या रेघा ओढत आणि प्रत्येक दौडीमागे त्या रेघांवर खुणा करत. डोक्यावरचा वार, अंगावरचा वार, मोडलेला भाला, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. अशी काही गुणपत्रके आजही इंग्लंडमधल्या संग्रहांत आहेत.

या गुणपत्रकाकडे मी त्या काळातला एक महत्त्वाचा लेखनप्रकार म्हणून पाहतो. कुस्तीत पाठ जमिनीला लागली की सगळे संपते. ते दाखवायला कागद लागत नाही. भालाझुंजीचा निकाल मात्र कागदावर ठरतो. दोन्ही भाले मोडतात, दोघेही पुढे निघून जातात, लोक ओरडतात, आणि कोण किती सरस हे हेरल्ड संध्याकाळी सांगतो. अनेक बक्षिसे असतात, आणि ती वाटता येतात. खेळ खरा असतो, जखमा खऱ्या असतात, कौशल्यही खरे लागते. पण निकालाला थोडी सैल जागा ठेवलेली असते.

लोरेन्झो द मेदिचीने ही सैल जागा कबूलच केली आहे. ७ फेब्रुवारी १४६९ रोजी फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चौकात त्याने मोठी भालाझुंज भरवली. आपल्या खासगी टिपणांत तो लिहितो, की इतरांच्या चालीप्रमाणे आपणही हा समारंभ केला, त्यावर सुमारे १०,००० फ्लोरिन खर्च झाले, आणि आपण काही वार करण्यात फार तरबेज नसूनही पहिला मान आपल्यालाच दिला गेला. या सावकार घराण्याच्या वारसाला खर्च आणि मान एकाच टिपणात लिहिताना जराही संकोच वाटत नाही.

मराठीत आपण मान ‘देतो’, मान ‘ठेवतो’, मान ‘राखतो’. या प्रत्येक क्रियापदाला दुसरा माणूस लागतो. एकट्याने आपला मान राखता येत नाही. समोरच्याने तो राखायचा असतो, आणि त्याने राखावा म्हणून आपण त्याचा राखायचा असतो. मला वाटते, प्रबोधनकाळातल्या दरबारी प्रतिष्ठेसाठी हा मराठी शब्द इंग्रजीतल्या ‘ऑनर’पेक्षा नेमका आहे. दोन राजांमधल्या मुत्सद्देगिरीलाही नेमके हेच हवे होते: स्पर्धा दिसावी, पुरुषार्थ दिसावा, आणि हरणारा कोणी नसावा.

मैदानावरचा मानपान

१५२० च्या भेटीची आखणी कार्डिनल वुल्सीने केली. मानपानाचा एवढा विचार क्वचितच कुठे झाला असेल. कोणाचा तळ उंचावर येऊ नये म्हणून मैदानाची जमीन सारखी करून घेतली. पहिल्या भेटीच्या दिवशी दोन्ही राजे आपापल्या लवाजम्यासह समोरासमोर थांबले, ठरलेल्या इशाऱ्याला घोड्यांना टाच मारून लढायला निघाल्यासारखे एकमेकांकडे दौडले, आणि जवळ येताच घोड्यांवरूनच त्यांनी एकमेकांना आलिंगन दिले. आधीची शंभराहून अधिक वर्षे या दोन राजघराण्यांत युद्धे झाली होती, आणि इंग्लंडचा राजा स्वतःला अजूनही फ्रान्सचा राजा म्हणवत होता. त्या साऱ्या इतिहासाचे नाटक करून ते आलिंगनात संपवायचे, ही कल्पना चतुर होती.

भालाझुंजीत दोन्ही राजे एकमेकांविरुद्ध उतरले नाहीत. दोघे मिळून आव्हान देणाऱ्या एकाच बाजूला होते आणि बाकीचे सरदार त्यांना सामोरे येत होते. फ्रान्सचा राजा सरस की इंग्लंडचा, हा प्रश्न मैदानावर विचारायचीच सोय ठेवली नव्हती.

ही तयारी वर्षभर आधी दाढीपासून सुरू झाली होती. भेट होईपर्यंत दाढी करायची नाही, असे हेन्रीने स्नेहाची खूण म्हणून जाहीर केले आणि फ्रान्सिसनेही तसेच केले. पुढे हेन्रीने दाढी काढल्याची बातमी फ्रान्सला पोहोचली. तिथला इंग्रज वकील थॉमस बोलीन याला उत्तर द्यावे लागले. राणी कॅथरिनला दाढी आवडत नाही, असे त्याने सांगितले. फ्रान्सिसची आई लुईझ हिने, स्नेह दाढीत नसून अंतःकरणात असतो अशा अर्थाचे उत्तर देऊन विषय मिटवला. वाक्य हसवणारे आहे, पण त्याने एक युती टिकवली. मान राखणे म्हणजे काय, ते या बाईला नेमके कळले होते.

या चौकटीत ती कुस्ती ठेवून पाहिली, म्हणजे पंचाईत कळते. कुस्ती ठरलेल्या कार्यक्रमात नव्हती. तिच्यात कठडा नव्हता, हेरल्ड नव्हता, वाटता येण्याजोगी बक्षिसे नव्हती. १८ दिवसांत तेवढ्या एका क्षणी दोन राजांमध्ये हरणारा निर्माण झाला. इंग्रजांनी तो कागदावर येऊ दिला नाही.

फ्लोरांजने तो लिहिला, पण कुठे? १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने फ्रान्सचा धुव्वा उडवला. राजा फ्रान्सिस स्वतः कैद झाला. फ्लोरांजही कैद होऊन फ्लँडर्समधल्या एका किल्ल्यात राहिला आणि तिथे त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. राजा हरलेला, लेखक तुरुंगात, आणि लेखणी राजाने मारलेला एक पेच आठवते आहे. त्यामुळे ही हकीकत खोटी ठरत नाही. पण ती का लिहिली गेली, हे मात्र समजते.

उर्बिनोची डावी बाजू

कुस्ती राजकारणाला का परवडत नाही, याची मीमांसा त्याच काळातल्या एका पुस्तकात आहे. बाल्दास्सारे कास्तिल्योने याचे ‘इल कोर्तेजानो’, म्हणजे ‘दरबारी’, १५२८ मध्ये व्हेनिसमध्ये छापले गेले. उर्बिनोच्या राजवाड्यात मार्च १५०७ मध्ये चार संध्याकाळी झालेल्या संवादांचे त्याला रूप दिले आहे. ड्यूक ग्विदोबाल्दो आजाराने लवकर झोपायला जातो आणि डचेस एलिझाबेत्ता गोंझागाच्या दालनात मंडळी आदर्श दरबारी कसा असावा यावर बोलत बसतात.

दुसऱ्या भागात फेदेरिको फ्रेगोसो हा वक्ता सल्ला देतो, की रणात धाडस करायचे तर शक्यतो थोड्या लोकांत आणि मानी माणसांच्या, जमल्यास राजाच्या, नजरेसमोर करावे. खेड्यातल्या लोकांबरोबर कुस्ती, धावणे, उड्या मारणे असे खेळ खेळायचे तर जिंकण्याची पक्की खात्री असावी, कारण जिंकून फारसे मिळत नाही आणि हरून फार जाते, विशेषतः कुस्तीत. सहज वाटेल असे कौशल्य, मागची मेहनत झाकणारा डौल, यासाठी कास्तिल्योनेने ‘स्प्रेत्सातुरा’ हा शब्द रूढ केला, आणि टीकाकार बहुधा त्या शब्दापाशीच थांबतात. मला या जिंकण्या-हरण्याच्या हिशेबात पुस्तकाचा गाभा दिसतो. त्या हिशेबात सर्वांत उपयोगी ठरतो तो हरणे धूसर ठेवणारा खेळ.

उर्बिनोला हे घरातच शिकायला मिळाले होते. ग्विदोबाल्दोचा बाप फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो भाडोत्री सैन्याचा नामांकित सेनापती होता. तरुणपणी एका भालाझुंजीत त्याचा उजवा डोळा गेला. पिएरो देल्ला फ्रांचेस्काने काढलेल्या त्याच्या सुप्रसिद्ध चित्रात फक्त डावी बाजू दिसते. चित्रकाराने नाकाचा बाक झाकलेला नाही, चामखिळीही झाकलेल्या नाहीत. त्याने खोटे काहीच रंगवले नाही. फक्त बाजू निवडली. हॉलची बखर आणि फ्लोरांजच्या आठवणी शेजारी ठेवून वाचताना मला हे चित्र आठवते.

कास्तिल्योने स्वतःही बाजू निवडतो. त्या चार संध्याकाळी आपण इंग्लंडमध्ये होतो, संवाद आपण नंतर ऐकले, असे तो सांगतो. ग्विदोबाल्दोला मिळालेला गार्टरचा किताब स्वीकारायला तो इंग्लंडला गेला होता हे खरे, पण मार्च १५०७ मध्ये तो परत आलेला होता. साक्षीदाराने स्वतःला दृश्यातून काढून घेतले आहे, म्हणजे मग सगळ्यांचा मान राखून सांगता येते. त्याच पुस्तकात तीन राजपुत्रांचे कौतुक होते: फ्रान्सचा आंगुलेम, इंग्लंडचा हेन्री आणि स्पेनचा चार्ल्स. १५०७ मध्ये ही मुले अनुक्रमे १२, १५ आणि ७ वर्षांची होती. पुस्तक छापले गेले तेव्हा तिघेही कधीच सिंहासनावर आले होते. भाकीत नंतर लिहिले की ते हमखास खरे ठरते.

पण १५२८ साली हे कौतुक वाचणाऱ्याच्या मनात काय आले असेल? कैदेतून सुटण्यासाठी १५२६ मध्ये केलेला माद्रिदचा तह फ्रान्सिसने सुटताच मोडला होता. सद्गृहस्थाला शोभेल असे तो वागला नाही, असे चार्ल्स म्हणत होता. १५२८ मध्ये या दोघांत हेरल्डांमार्फत द्वंद्वाची आव्हाने गेली. हे द्वंद्व कधीच झाले नाही. जागा, अटी, पत्रे यांतच ते विरले. कठडा नसलेल्या लढाईत एक सम्राट किंवा एक राजा हरणार होता, आणि ते युरोपला झेपणारे नव्हते. कास्तिल्योने त्या वेळी पोपचा वकील म्हणून स्पेनमध्येच होता. चार्ल्सच्या सैन्याने १५२७ मध्ये रोम लुटले, आणि त्याची पूर्वसूचना दिली नाही म्हणून पोपने त्याला दोष दिला. १५२९ मध्ये तो तोलेदोला वारला. मान कसा राखावा याचे सर्वोत्तम पुस्तक लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा शेवट आला.

भालाझुंजीविना भालाझुंजीचे काव्य

लोरेन्झोचा धाकटा भाऊ ज्युलियानो याची भालाझुंज जानेवारी १४७५ मध्ये झाली. फ्लोरेन्स, व्हेनिस आणि मिलान यांचा करार नोव्हेंबर १४७४ मध्ये झाला होता. त्या आनंदाचा हा उत्सव. करार वकिलांनी केला, तो लोकांना दाखवायचे काम भाल्याने केले. ज्युलियानोचा ध्वज बोत्तिचेल्लीने रंगवला, तो आज उरलेला नाही. आंजेलो पोलित्सियानोने या प्रसंगावर काव्य लिहायला घेतले. इटालियन साहित्यात त्याचे स्थान मोठे आहे.

या काव्यात शिकार आहे, प्रेम आहे, व्हीनसचे उद्यान आहे, सिमोनेत्ता ही सुंदरी आहे. ज्या भालाझुंजीचे नाव काव्याला आहे, ती मात्र त्यात येतच नाही. दुसऱ्या भागात, ज्युलियानो स्वप्न पाहून तिच्या तयारीला लागतो तिथेच, काव्य थांबते. सिमोनेत्ता २६ एप्रिल १४७६ रोजी वारली. बरोबर दोन वर्षांनी, २६ एप्रिल १४७८ रोजी, फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये पात्सी कटवाल्यांनी ज्युलियानोचा खून केला. काव्य अपुरे राहण्याचे कारण बहुधा हेच सांगतात, आणि ते पटण्याजोगे आहे. पण मला दुसरीही एक गोष्ट दिसते. भालाझुंजीत वर्णन करण्यासारखे असते ते सगळे तिच्या आधी आणि तिच्या भोवती असते: वस्त्र, बोधचिन्ह, कोणासाठी लढायचे ती स्त्री, पाहणारे डोळे. खुद्द दौड काही क्षणांची. कॅथीड्रलमधल्या सुऱ्यांना मात्र कठडा नव्हता.

रूप पोकळ होते का?

या सोहळ्यांकडे पाहण्याच्या दोन प्रतिष्ठित रीती आहेत. हॉलंडचा इतिहासकार योहान हाइझिंगा याने १९१९ मधल्या आपल्या ग्रंथात उत्तर मध्ययुगीन बर्गंडीच्या दरबाराबद्दल लिहिताना शौर्यधर्माला एका सुंदर स्वप्नाचे रूप दिले: आशय ओसरला, रूप तेवढे झगमगत राहिले. दुसरी रीत नॉर्बर्ट एलियासच्या दरबारी समाजावरच्या ग्रंथाची. त्याचा मुख्य विषय चौदाव्या लुईचा दरबार. तिथे शिष्टाचार हे सत्तेचे वाटप करणारे यंत्र ठरते. एकाला खेळ पोकळ दिसतो, दुसऱ्याला तो पूर्ण हिशेबी दिसतो.

दोघांकडून मी पुष्कळ घेतो, पण १५२० चे मैदान दोघांच्याही हातून थोडे निसटते. खेळ पोकळ होता हे खरे; पण ती पोकळी मुद्दाम राखलेली होती. तिच्यात दोन वैरी राजांना एकाच वेळी जिंकता येत होते. आणि तो केवळ हिशेब नव्हता, कारण स्वार खरोखर जिवावर उदार होऊन दौडत. १० मार्च १५२४ रोजी हेन्री शिरस्त्राणाची झडप खाली न करताच ड्यूक ऑफ सफोकविरुद्ध दौडला. लोक थांबा म्हणून ओरडत होते, सफोकला ऐकू गेले नाही, आणि त्याचा भाला राजाच्या शिरस्त्राणात फुटला. हेन्री थोडक्यात वाचला. चूक आपलीच, असे म्हणून त्याने सगळ्यांची भीती घालवायला आणखी सहा दौडी केल्या. पुन्हा कधी राजासमोर उतरणार नाही, अशी सफोकने शपथ घेतली. हे हॉलने लिहिले आहे. राजाचा निष्काळजीपणा लिहिता येत होता, कारण त्यातही त्याचा मान राहत होता.

तिसरी टीका त्या काळातलीच आहे, आणि तिला उत्तर देणे अवघड आहे. रोचेस्टरचा बिशप जॉन फिशर राणी कॅथरिनच्या लवाजम्यात त्या मैदानावर होता. परतल्यावर प्रवचनात त्याने त्या वैभवाचे वाभाडे काढले: वाऱ्याने उडालेली धूळ, कोसळलेले मंडप, कपड्यांपायी कर्जात गेलेली माणसे. त्याचा मुद्दा माझ्या विवेचनाच्या मुळाशीच जातो. राजांचा मान राखायचा खर्च कोणी केला? कास्तिल्योनेच्या हिशेबातला खेडूतही इथे आठवावा लागतो. त्याच्याशी हरायचे नाही, एवढाच त्याचा दरबाराशी संबंध. शिवाय युती टिकलीही नाही. या भेटीच्या आधी मे महिन्यात आणि नंतर जुलैमध्ये हेन्री चार्ल्सलाही भेटला, आणि १५२२ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध सुरू झाले.

तरीही हा सोहळा फुकट गेला असे मी म्हणणार नाही. युद्ध झाले ते हितसंबंधांमुळे. त्या १८ दिवसांत कोणाचा अपमान झाला म्हणून नव्हे. जिथे हजारो सशस्त्र माणसे समोरासमोर तळ देऊन होती आणि एका चुकीच्या शब्दाने तलवारी निघाल्या असत्या, तिथे काही घडले नाही, हे छोटे यश नव्हे. फिशर मात्र सत्य बोलण्याची किंमत देऊन गेला. वेगळ्या कारणासाठी, राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिल्याबद्दल, १५३५ मध्ये हेन्रीने त्याचा शिरच्छेद केला.

आणखी एक दौड

हा मान राखण्याचा करार फाटला, की काय होते ते १५५९ मध्ये दिसले. एप्रिलमध्ये कातो-कांब्रेसीच्या तहाने फ्रान्स आणि स्पेन यांच्यातली इटलीवरची दीर्घ युद्धे संपली. सव्हॉय आणि पीडमाँट सोडून द्यावे लागले, म्हणून अनेक फ्रेंच सेनानींना हा तह अपमान वाटला. तो झाकण्यासाठी लग्नसोहळे ठरले. राजा दुसऱ्या हेन्रीची, म्हणजे फ्रान्सिसच्या मुलाची, मुलगी एलिझाबेथ स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला आणि बहीण मार्गरित सव्हॉयच्या ड्यूकला दिली. पॅरिसच्या सेंत-आंत्वान रस्त्यावर भालाझुंजी सुरू झाल्या.

३० जूनला चाळिशीचा राजा स्वतः अनेक दौडी करून थकला होता. स्कॉटिश पहारेकऱ्यांचा तरुण कप्तान माँगोमेरी याच्याशी झालेल्या दौडीत राजा खोगिरावर डळमळला. सगळे थांबवू पाहत होते, पण त्याला आणखी एक दौड हवी होती. मोडलेल्या भाल्याची ढलपी झडपेतून त्याच्या डोळ्यात गेली. आंब्रवाझ पारे आणि अँड्रियास व्हेसेलियस हे त्या काळचे मोठे वैद्य त्याच्या उशाशी होते. १० जुलैला तो मेला. गादीवर १५ वर्षांचा मुलगा आला, आणि १५६२ पासून फ्रान्स धर्मयुद्धांत होरपळला ते १५९८ पर्यंत.

ढलपी हा अपघात होता. १५२४ चा आणि १५५९ चा फरक काही बोटांचा आहे, आणि कारणांच्या साखळीत तो फार ताणू नये. पण ती शेवटची दौड अपघात नव्हती. कागदावर राजाचे काही बिघडले नव्हते. हेरल्डांनी त्याचा मान राखलाच असता. त्याला मात्र तो स्वतःच्या अंगाने, सगळ्यांसमोर, निर्विवाद मिळवायचा होता. १५२० मध्ये कोणीतरी दोन राजांना जेवायला बोलावले आणि दुसरी कुस्ती टळली. सेंत-आंत्वान रस्त्यावर असा बोलावणारा कोणी निघाला नाही.

हा प्रसंग साहित्यात सर्वांत चांगला कळला तो सुमारे एकशेवीस वर्षांनी लिहिणाऱ्या एका बाईला. मादाम द लाफायेतच्या ‘ला प्रँसेस द क्लेव्ह’ या १६७८ च्या कादंबरीत राजा सांगतो, की आपल्याला द्वंद्वात मरण येईल असे एका ज्योतिष्याने सांगितले होते. पण तसे होण्याचा फारसा संभव नाही, असे तोच म्हणतो. स्पेनशी तर नुकताच तह झाला आहे! पुढे भालाझुंजीत नमूरचा ड्यूक पिवळा आणि काळा रंग घालून येतो. पिवळा का, हे कोणाला कळत नाही. फक्त राजकन्येला कळते, कारण हा रंग आपल्याला आवडतो पण आपल्या सोनेरी केसांमुळे वापरता येत नाही, असे ती त्याच्यासमोर एकदा बोलली होती. हजारो डोळ्यांसमोर एक खूण एकालाच वाचता यावी, यासाठीच भालाझुंजीतले रंग असत. लाफायेतला दरबाराची ही लिपी वाचता येत होती, आणि दरबारी ज्याला खेळ समजले तेच खरे द्वंद्व ठरले हेही तिने एकही जादा शब्द न लिहिता दाखवले.

४४ शिलिंग

इंग्लंडने यातून सोईचा मार्ग काढला. पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या दिवशी, १७ नोव्हेंबरला, दरवर्षी भालाझुंजी होऊ लागल्या. राणी वरून पाहत असे. तिला स्वतःला दौडायचे नसल्याने हरण्याचा प्रश्नच नव्हता. स्वार तिला रंगवलेली ढाल अर्पण करत. तिच्यावर एक चित्र आणि एक गूढ बोधवाक्य असे. हळूहळू भाल्यापेक्षा बोधवाक्याची चर्चा अधिक होऊ लागली.

मार्च १६१३ मध्ये पहिल्या जेम्सच्या राज्यारोहणदिनाच्या भालाझुंजीसाठी अर्ल ऑफ रटलंडने अशीच एक ढाल करवून घेतली. त्याच्या कारभाऱ्याच्या हिशेबात, बोधचिन्हाबद्दल ‘मिस्टर शेक्सपिअर’ यांना ४४ शिलिंग आणि ते रंगवण्याबद्दल रिचर्ड बर्बेज यांना ४४ शिलिंग दिल्याची नोंद आहे. बर्बेज हा ग्लोब नाट्यगृहाचा मुख्य नट. त्यामुळे हा शेक्सपिअर म्हणजे कवीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते बोधवाक्य आज कुठेही उपलब्ध नाही.

त्याच वर्षी २९ जूनला शेक्सपिअर आणि जॉन फ्लेचर यांचे ‘आठवा हेन्री’ हे नाटक चालू असताना ग्लोबला आग लागून ते जळाले. या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात सोनेरी वस्त्रांच्या मैदानाचे वर्णन आहे. ते रंगमंचावर दाखवलेले नाही. नॉर्फोकचा ड्यूक ते बकिंगहॅमच्या ड्यूकला सांगतो, कारण बकिंगहॅम तापामुळे आपल्या खोलीत पडून होता. इतिहासात उलटे आहे: बकिंगहॅम त्या मैदानावर हजर होता आणि नॉर्फोक इंग्लंडमध्ये राहिला होता. नाटककारांना असा सांगणारा हवा होता, ज्याच्या तोंडी झगमगाट पूर्ण झळकेल, आणि असा ऐकणारा, जो लगेच विचारील की हा सगळा खर्च कोणी घडवून आणला. पहिल्या अर्ध्यात दरबाराची बखर आहे, दुसऱ्या अर्ध्यात फिशरच्या प्रवचनातला सवाल. दोन्ही एकाच प्रवेशात ठेवून त्यांनी हे सारे राजांच्या कुस्तीविषयी अवाक्षर न काढता साधले आहे.